कापलेलं वाक्य

आमच्या शहराच्या फुटबॉल संघाला बऱ्याच वर्षांनी बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळाला, आणि सामन्याच्या आधीच्या बुधवारी बर्फ पडायला लागला. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, चेंडू हातात धरून पळायचा. शहराचं नाव लिहीत नाही. मोठ्या तळ्याच्या काठी वसलेलं आणि देशभर फक्त थंडीसाठी ओळखलं जाणारं शहर आहे. अशी चार-पाच आहेत. त्यांतलं कुठलंही समजलं तरी बिघडत नाही.

बर्फ गुरुवारी संध्याकाळी थांबला. शुक्रवारी शाळा बंद होत्या, म्हणजे मलाही जवळपास सुट्टीच. मी इथल्या शाळांच्या बसचे मार्ग आखायचं काम करते. कुठली बस कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता येईल, कुठल्या मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही, हे सगळं कॉम्प्युटरवर बसवायचं. बस निघणारच नसतील तर मला फोन कमी येतात. चहा घेत होते तेवढ्यात दार वाजलं. दारात समोरच्या मावशी, दोन्ही हातांत एकेक फावडं.

"मैदानावर माणसं हवी आहेत," त्या म्हणाल्या. "खुर्च्या बर्फाखाली गेल्यात. येतेस?"

समोरच्या मावशी म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरात राहणाऱ्या बाई. वय बहात्तर. जन्म याच शहरातला, आताच्या घरापासून चार चौक पलीकडे. एकोणतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. मी नोकरीला लागले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, पण माझे मार्ग अजून तपासतात. "या वळणावर मोठी बस वळत नाही, बर्फात तर नाहीच," असं एकदा कुंपणापाशी उभ्या उभ्या म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात तिथे बस अडकली. माझी आई आली होती तेव्हा तिनं माझ्या मुलीला बजावलं, एवढ्या मोठ्या बाईंना नावानं हाक मारायची नाही, मावशी म्हणायचं. त्यांना तो शब्द आवडला. त्या 'मॉशी' म्हणतात आणि मुलीला पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डावर तशीच सही करतात. संघाच्या घरच्या सगळ्या सामन्यांची दोन तिकिटं त्या चाळीस वर्षं घेत आल्या आहेत. दुसऱ्या तिकिटावर त्यांची बहीण जाते.

मला त्या खेळाचं फारसं कळत नाही. पण मी इथे आल्यापासूनच्या नऊ वर्षांत माझ्या दारासमोरचा ड्राइव्ह-वे त्यांनी कितीदा तरी साफ केला होता, त्यामुळे नाही म्हणणं शक्य नव्हतं. नवऱ्याची जाड पँट चढवली, आईनं जळगावहून पाठवलेली मरून कानटोपी घातली आणि त्यांच्या गाडीत बसले.

मैदानात तीन-चारशे माणसं तरी असतील. काम सोपं, पण कंबर मोडणारं. खुर्च्यांच्या रांगांवरचा बर्फ फावड्यानं ओढायचा आणि मधल्या उतारावर लोटायचा, तो घसरत खाली जातो, खाली यंत्रं तो उचलून नेतात. माझ्या एका बाजूला कुणी सुतार होता, दुसऱ्या बाजूला नर्स, रात्रपाळी संपवून थेट आलेली. कुणी फारसं बोलत नव्हतं. कुणी एक जण थर्मासमधली कॉफी पुढे सरकवायचा, ती रांगेतून फिरत यायची.

दहाच्या सुमाराला एक तरुण माणूस माइक घेऊन वर आला. मागे कॅमेरावाला. देशभर दिसणाऱ्या एका खेळांच्या चॅनेलचा तो बातमीदार होता. कोट छान होता, लांब, राखाडी, पण अशा दिवसाचा नव्हता. हातमोजे पातळ चामड्याचे. त्याला बोलताना दात आवरत नव्हते. मावशींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या पिशवीतून जाड नारिंगी हातमोज्यांची जादा जोडी काढली आणि त्याच्या हातात दिली. "आधी हे घाल, मग विचार काय विचारायचं ते," म्हणाल्या आणि खालच्या रांगेत निघून गेल्या.

त्यानं मोजे घातले आणि मला विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"भारतातल्या. जळगाव म्हणून गाव आहे. उन्हाळ्यात तिथे फार तापतं."

"मग इथे कशा?"

मी फावडं टेकवून उभी राहिले. विचार करून बोलले असं म्हणता येणार नाही. मी म्हटलं, "पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडायचे. वाटायचं, इथे येऊन चूक केली. आता मात्र मला कुणी उन्हाच्या गावात नोकरी दिली तरी मी इथून जाणार नाही."

त्यानं आभार मानले आणि तो पुढच्या रांगेकडे गेला. मी परत बर्फ ओढायला लागले.

त्या संध्याकाळी मी भाजी चिरत होते तर मुलगी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. ती बारा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"आई, यू आर ऑन टीव्ही," ती म्हणाली. "इट्स नॉट गुड."

चॅनेलनं सामन्याआधीचा कार्यक्रम केला होता आणि त्यात आमच्या शहरावर चार-पाच मिनिटं दिली होती. सुरुवातीला करडं तळं. मग बंद पडलेला कारखाना. मग कुणाच्या तरी अंगणातली, अर्धी बर्फात गेलेली मोडकी खुर्ची. मग एक म्हातारा फुटपाथवर घसरून पडतो, ते दृश्य त्यांनी तीनदा दाखवलं, तिसऱ्यांदा हळू करून. आणि मग मी. मरून कानटोपी, नाक लाल, हातात फावडं. "पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडायचे. वाटायचं, इथे येऊन चूक केली." तिथेच कापलं.

कॅमेरा स्टुडिओत गेला. तो स्टुडिओ कुठल्या तरी उबदार शहरात होता, काचेमागे माडासारखी झाडं दिसत होती. चार जण हसत होते. एक म्हणाला, "त्या बाईंना कुणीतरी विमानाचं तिकीट काढून द्या." दुसरा म्हणाला, "परतीचं नको." पुन्हा हशा.

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं मुलीच्या हातातून फोन घेऊन पुन्हा पाहिलं.

"तू असं म्हणालीस?"

"म्हणाले. पण पुढे आणखी एक वाक्य होतं."

"काय होतं?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबरात नवरा दक्षिणेतल्या कॅरी गावी एका कंपनीत मुलाखत देऊन आला होता. त्याच्या कॉलेजचे दोन मित्र तिथे आहेत, मराठी घरं पुष्कळ, हिवाळा नावापुरता. त्यांनी त्याला नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेर उत्तर मागितलं होतं. आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं. दोघांनी बसून ठरवू असं म्हणत होतो आणि बसत नव्हतो. आणि मी एका अनोळखी माणसाच्या माइकसमोर ठरवून मोकळी झाले होते.

"आठवत नाही नीट," मी म्हटलं. "काहीतरी साधंच होतं."

त्यानं फोन मुलीला परत दिला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती वर निघून गेली.

फोनवर तोवर निरोप यायला लागले होते. आमचा एक मराठी ग्रुप आहे, निरनिराळ्या शहरांत पांगलेल्या ओळखीच्या लोकांचा. दक्षिणेतल्या उबदार अल्फारेटाच्या एका मैत्रिणीनं माझा फोटो टाकून लिहिलं, "यार, आता तरी इकडे ये, आम्ही बागेत चहा पितोय." खाली हसणारे चेहरे. आमच्यासारख्याच थंड नोव्हायच्या एका काकांनी एवढंच लिहिलं, "आमच्याकडेही गुडघाभर आहे. जेवणं वेळेवर झाली."

मला राग आला, पण रागावायचा हक्क आपल्याला किती, असंही वाटलं. कारण त्या ग्रुपवर या शहराची थट्टा सगळ्यात जास्त मीच केली होती. गाडीचं दार गोठलं की फोटो. एप्रिलमध्ये बर्फ पडला की फोटो. 'आमच्या फ्रीजमधून नमस्कार' असं मी एकदा लिहिलं होतं आणि ते बरेच दिवस चाललं. ही सवय जुनी आहे. मी पुण्यात इंजिनियरिंगला होते तेव्हा हॉस्टेलच्या मुली विचारायच्या, तुमच्या जळगावात डांबर वितळतं म्हणे, माणसं राहतात कशी? माझ्या गावाकडच्या बोलण्याची नक्कल करायच्या, 'काय करी ऱ्हायनी' म्हणून. पहिले काही महिने मला वाईट वाटलं. मग मी त्यांच्याआधी हसायला शिकले. गावाच्या उन्हाचे किस्से मीच रंगवून सांगायला लागले, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नकोत. त्या किश्शांमध्ये थंडीतल्या भरीत पार्ट्या कधी आल्या नाहीत, शेतात तुराट्यांवर भाजलेली वांगी आली नाहीत. फक्त ऊन.

शनिवारी सकाळी दूध आणायला गेले. दुकानातला गल्ल्यावरचा माणूस संघाचा निळा शर्ट घालून बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टोपीकडे.

"तुम्हीच ना त्या? रडणाऱ्या?"

"हो."

त्यानं दूध पिशवीत घातलं आणि पुढच्या माणसाकडे वळला. उद्धटपणा काही नव्हता. रोज 'हॅव अ गुड वन' म्हणतो, ते म्हणाला नाही एवढंच.

परत येताना मावशींच्या खिडकीकडे पाहिलं. मी गाडी लावताना त्या नेहमी हात करतात. त्या खिडकीतच होत्या, पण हात वर झाला नाही. मी दूध गाडीतच ठेवलं, रस्ता ओलांडला आणि त्यांचं दार वाजवलं.

त्यांनी आत घेतलं, कॉफी ओतली. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. इथे एका स्थानिक स्टेशनवर सकाळी खेळांवर गप्पांचा कार्यक्रम असतो, लोक फोन करून बोलतात. त्या दिवशी सगळे त्या चॅनेलबद्दलच बोलत होते. पडलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा फोनवर होता. वडील बरे आहेत, म्हणत होता, पण ते दृश्य त्यांच्या नातवंडांनी पाहिलं.

"त्यांनी माझं सगळं दाखवलं नाही," मी म्हटलं. "पुढे मी म्हटलं होतं की आता मी इथून जाणार नाही."

"मला वाटलंच होतं तसलं काहीतरी," मावशी म्हणाल्या. "ते लोक असंच करतात. मी त्यामुळे गप्प नाहीये."

"मग?"

त्यांनी कपातली कॉफी ढवळली. साखर त्या घेत नाहीत, तरी ढवळली.

"तू रोज रडायचीस, हे खरं आहे?"

"पहिल्या वर्षी. हा दिवसभर ऑफिसात असायचा, मुलगी तीन वर्षांची, व्हिसामुळे मला कामाची परवानगी नव्हती. चारला अंधार पडायचा."

"मी समोर राहत होते," त्या म्हणाल्या. "चाळीस पावलांवर. रोज सकाळी तुमच्या दारातला बर्फ काढत होते. मला वाटायचं, नवे लोक आहेत, त्यांना त्रास नको द्यायला. मी एकदाही दार वाजवलं नाही."

"तुम्ही बर्फ काढायचात ते मी खिडकीतून बघायचे," मी म्हटलं. "मला वाटायचं, तुम्हाला बोलायला आवडत नाही."

"मला कोणाशीही बोलायला आवडतं. मी बस चालवायचे."

आम्ही दोघी थोड्या हसलो. मग त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला. त्यांच्याकडे अजून भिंतीवरचा फोन आहे. रेडिओचा नंबर त्यांना पाठ होता. बराच वेळ त्या रिसीव्हर कानाला लावून उभ्या राहिल्या, मधेच त्यांनी खांदा आणि कान यांत तो धरून कप विसळले. मला वाटलं, त्यांना बोलायचंय. पलीकडून आवाज आला तशी त्यांनी रेडिओ बारीक केला, म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात ती टोपीवाली बसली आहे," आणि रिसीव्हर माझ्यासमोर धरला.

मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"तुम्हीच का त्या?" निवेदकानं विचारलं. "रडणं थांबलं?"

"बऱ्याच वर्षांपूर्वी," मी म्हटलं. "मी तीन वाक्यं बोलले होते. त्यांनी दोन दाखवली."

"मग तिसरं सांगा. आम्ही कापत नाही."

मी सांगितलं. वाक्य पूर्ण सांगितलं.

"ते त्यांनी का काढलं असेल?"

"लांब होतं," मी म्हटलं.

तो हसला. मग त्यानं विचारलं, जाणार नाही ते का. मी तयारी केलेली नव्हती, म्हणून जे पहिल्यांदा आठवलं ते सांगितलं. तीन हिवाळ्यांपूर्वी भर दुपारी वादळ आलं आणि शाळा सुटलेल्या बस ठिकठिकाणी रस्त्यात अडकल्या. मी ऑफिसात यादी घेऊन बसले होते. ड्रायव्हरचे फोन यायचे, गाडी हलत नाही, आत मुलं आहेत. मग दुसरे फोन यायला लागले. अमुक रस्त्यावरून बोलतोय, बसमधली सगळी मुलं आमच्या घरात आणली आहेत, ही त्यांची नावं. एका ठिकाणी चर्चनं दार उघडलं, एका ठिकाणी टायरच्या दुकानानं. मी फोनवर नावं ऐकत होते आणि यादीवर खुणा करत होते. अंधार पडायच्या आत शेवटच्या नावावर खूण झाली. "मला तोवर या शहरात फक्त रस्ते माहीत होते," मी म्हटलं. "त्या दिवशी घरं माहीत झाली."

मावशींना आता राहवेना. त्यांनी माझ्या कानापाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "त्या पोराला मोजे मी दिले ते सांग. त्याच्याकडे धड हातमोजे नव्हते."

ते सगळं रेडिओवर गेलं. निवेदकानं तेवढंच धरलं. म्हणजे, तो म्हणाला, जे लोक आपल्याला हसतात त्यांच्याकडे थंडीचे कपडेच नाहीत. उद्या सामन्याला येताना प्रत्येकानं घरातला एक जादा कोट आणावा. चॅनेलला गरज असेल तर त्यांनी न्यावेत, उरलेले शहरातल्या निवाऱ्यात देऊ. मी फोन ठेवला तोवर पुढचा माणूस सांगत होता की त्याच्याकडे पाच आहेत आणि एकात उंदरांनी घर केलंय.

मी घरी आले तेव्हा नवरा आणि मुलगी पोहण्याच्या क्लासहून परतले होते. शनिवारी गाडीत तो तेच स्टेशन लावतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मुलगी "यू वर ओके, आई" म्हणून ओला टॉवेल घेऊन वर गेली.

"लांब होतं," नवरा म्हणाला.

मी खुर्ची ओढून बसले. तोही बसला. ज्या बसण्याची आम्ही महिनाभर वाट पाहत होतो ते असं झालं.

"काल मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आठवत नाही."

"तुझ्यासमोर म्हणायची हिंमत झाली नाही. माझं ठरलेलं नव्हतं, खरंच. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मलाच कळलं की तसं आहे."

"आधी चॅनेलला सांगितलंस, मग मावशींना, मग अख्ख्या शहराला. मी चौथा."

"चूक झाली."

त्यानं टेबलावरचा टॉवेलाचा ओला डाग हातानं पुसला. "मला तिथे आवडलं होतं," तो म्हणाला. "डिसेंबरात लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. नऊ वर्षं मी रोज सकाळी गाडीवरची काच खरवडतोय. मला ही थंडी आवडत नाही. कधीच आवडली नाही. मला कुणी माइक दिला नाही म्हणून मी बोललो नाही."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्यानं ते एवढ्या सरळ कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तू सांग. महिनाअखेरीला आठ-दहा दिवस आहेत. मी जे रेडिओवर बोलले ते कायदा नाही." तो म्हणाला, बघू. मग आम्ही जेवलो.

दुपारी मावशींचा फोन आला की बहिणीला ताप आहे, तिकीट मोकळं आहे. नवरा म्हणाला, जा तू. त्यानं माळ्यावरून स्वतःचा जुना कोट काढून दिला, पुण्याहून येताना घेतलेला, जो इथे पहिल्याच आठवड्यात निरुपयोगी ठरला होता.

रविवारी मैदानाच्या दारांपाशी मोठमोठे पुठ्ठ्याचे खोके ठेवले होते आणि ते अकरा वाजताच भरून वाहत होते. कुणीतरी एकावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'स्टुडिओतल्या गरजूंसाठी'. लहान मुलांचे कोट होते, शिकारीचे होते, एक फरचा लांब कोट होता ज्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. लोक कोट टाकायचे, फोटो काढायचे आणि आत जायचे. फलक पुष्कळ होते. एकावर घसरणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आणि खाली, 'आमचे बाबा उठले, तुम्ही बसूनच आहात.' मला कुणी ओळखलं नाही. सगळ्यांचीच तोंडं झाकलेली होती.

तो बातमीदार दारापाशी उभा होता. नारिंगी मोजे त्याच्या हातात होते. मावशींना पाहून तो पुढे आला आणि मोजे काढायला लागला.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "सामना व्हायचाय अजून."

तो माझ्याकडे वळला. "मी सगळं पाठवलं होतं," तो म्हणाला. "कुठे कापायचं ते तिकडे ठरवतात."

"मला वाटलंच," मी म्हटलं. "पण माझं तोंड इथल्या लोकांना दिसलं. तुमचं नाही."

त्यानं मान डोलावली. मला त्याला आणखी बोलायचं होतं, आदल्या दिवशी मनात सगळं जुळवलं होतं, पण त्याचं नाक माझ्याइतकंच लाल झालं होतं आणि मागून लोक ढकलत होते. आम्ही आत गेलो.

सामन्याचं वर्णन मी करू शकत नाही. चेंडू कुठे आहे हे मला बऱ्याचदा शेवटी कळायचं. मावशी पूर्ण वेळ उभ्या होत्या आणि ज्या शब्दांत पंचांशी बोलत होत्या ते त्यांनी बसमध्ये कधी वापरले नसावेत. शेवटच्या मिनिटांत आमच्या संघानं आघाडी घेतली आणि ती टिकली. माझ्या पायाची बोटं दुसऱ्या सत्रातच बधिर झाली होती. बाहेर पडताना मावशींनी माझा दंड धरला होता. स्वतः घसरू नये म्हणून त्यांनी धरला होता की मी पडू नये म्हणून, ते कळलं नाही.

चॅनेलनं त्या संध्याकाळी कोटांचे खोके काही सेकंद दाखवले. त्याच चौघांपैकी एक म्हणाला, माणसं चांगली आहेत हो तिथली, आणि पुढच्या सामन्याकडे वळला. माझं तिसरं वाक्य कधीच दाखवलं नाही. रेडिओवाल्यानं मात्र ते आठवडाभर कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावलं, इतकं की शेवटी मुलीनं गाडीत स्टेशन बदलायला सांगितलं. दुकानातला माणूस सोमवारी म्हणाला, "तुमची टोपी कुठे मिळते?" मी म्हटलं, जळगावला. तो म्हणाला, ऑनलाइन पाठवतात का?

पुढच्या रविवारी संघ दुसऱ्या शहरात, स्वच्छ उन्हात, चांगलाच हरला. आम्ही तिघंही तो सामना मावशींकडे बघितला. संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, सूप गरम करते.

नवऱ्यानं मुदतीच्या आदल्या दिवशी कॅरीच्या कंपनीला नाही कळवलं. "रेडिओमुळे नाही," त्यानं मला बजावून सांगितलं. त्यांना तो आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हवा होता, मुलीचा पोहण्याचा संघ इथे होता, आणि इथल्या साहेबांनी त्याला दोन दिवस घरून काम करायला परवानगी दिली होती. अशी तीन कारणं त्यानं बोटांवर मोजली. मी कारणं तपासली नाहीत.

त्याची एक अट होती, यापुढे सकाळी गाडीची काच खरवडणार नाही. गॅरेजमध्ये आम्ही आल्यापासूनचे खोके, मुलीची लहानपणची गादी, मोडका ट्रेडमिल, असं सगळं भरलेलं होतं आणि दोन्ही गाड्या नऊ वर्षं बाहेर उभ्या राहत होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही ते रिकामं करायला घेतलं. अर्धं त्या एका दिवसात झालं, अर्धं राहिलं. त्याची गाडी आत मावते. माझी बाहेर असते.